उत्तर माहीत असलेलं रहस्य

(पंचगंगा घाट, वाराणसी येथे दिलेल्या स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या पट्ट्यात कित्येक पिढ्या मराठी बोललं जातं. त्या घाटावर उभं राहून मराठीत बोलायला मिळणं हा मी माझा मान समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं त्या गुरुजींच्या कपाटात पोथ्यांच्या शेजारी बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथांची पुस्तकं असत, आणि मागायला आलेल्या पोराला ती विनातक्रार मिळत, असं तुम्हीच मला सांगितलंत. त्यामुळे आजचा विषय निवडताना मला जराही संकोच वाटला नाही. विषय असा: एखाद्या गाजलेल्या, जुन्या रहस्यकथेवर नव्या काळात पुन्हा चित्रपट निघतो, तेव्हा तो काढणाऱ्यानं काय सांभाळावं आणि आपण पाहणाऱ्यांनी त्याच्याकडून काय मागावं?

१

डिसेंबर २०१५ मध्ये ‘हर हर ब्योमकेश’ हा बंगाली चित्रपट आला. दिग्दर्शक अरिंदम सील. ब्योमकेश या गुप्तहेराच्या भूमिकेत आबीर चटर्जी, त्याचा मित्र अजित म्हणजे ऋत्विक चक्रवर्ती आणि त्याची बायको सत्यवती म्हणजे सोहिनी सरकार. चित्रपट घडतो तुमच्या काशीत. मूळ कथा मात्र काशीची नाही. ती शरदिंदू बंद्योपाध्याय यांची ‘वह्निपतंग’, आणि ती घडते पाटण्यात.

या शरदिंदूबाबूंशी आपलं, म्हणजे काशीचं आणि महाराष्ट्राचं, दुहेरी नातं आहे आणि ते आपण फारसं बोलून दाखवत नाही. त्यांचा जन्म १८९९ सालचा, जौनपूरचा. म्हणजे इथून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल अशा गावचा. १९३२ मध्ये त्यांनी ब्योमकेश लिहायला घेतला. काही वर्षांनी तो बाजूला ठेवला आणि १९३८ मध्ये चित्रपटांच्या कथा-पटकथा लिहायला मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये गेले. पुढे १९५२ मध्ये ते पुण्यात स्थायिक झाले. वाचकांच्या आग्रहानं जवळजवळ पंधरा वर्षांनी त्यांनी ब्योमकेशला पुन्हा बोलावलं. या दुसऱ्या पर्वातली एक कथा, ‘शैलरहस्य’, चक्क महाबळेश्वरात घडते. शिवाजी महाराजांच्या सैन्यात दाखल झालेल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ‘वह्निपतंग’ ही याच दुसऱ्या पर्वातली.

आपल्या घरात ब्योमकेश आला तो १९९३ मध्ये, दूरदर्शनवरच्या बासू चटर्जींच्या हिंदी मालिकेतून. रजित कपूर ब्योमकेश आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. आमच्या पिढीला ब्योमकेश म्हटलं की आजही रजित कपूरचाच चेहरा आठवतो. एवढा ओळखीचा झालेला माणूस आणि एवढी ओळखीची कथा घेऊन कुणी नवा चित्रपट काढतो, आणि तो काढताना पाटण्याची काशी करतो. माझा प्रश्न इथून सुरू होतो. गाव बदललं, तेव्हा कथेत नेमकं काय बदललं?

२

पण त्याच्या आधी एका आक्षेपाचं उत्तर द्यायला हवं. रहस्यकथा दुसऱ्यांदा सांगायचीच कशाला? खुनी कोण ते कळलं की संपलं. ज्यांनी पुस्तक वाचलं त्यांना उत्तर माहीत, ज्यांनी मालिका पाहिली त्यांनाही माहीत.

मराठी माणसानं हा आक्षेप घेऊ नये, असं मला वाटतं. आपण कीर्तनात वाढलेली माणसं. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात तेव्हा त्याचा शेवट माहीत नसलेला एकही श्रोता समोर नसतो. तरी श्रोते रात्री उशिरापर्यंत बसतात, कारण ठाऊक असलेल्या शेवटापर्यंत हे बुवा कुठल्या वाटेनं नेतात ते त्यांना पाहायचं असतं.

आपला चित्रपटही याच सवयीतून जन्मला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ही गोष्ट ठाऊक नाही असा माणूस त्या थिएटरात शोधून सापडला नसता. पुढे १९१७ मध्ये फाळक्यांनी स्वतःच तो चित्रपट पुन्हा काढला. मराठी चित्रपट बोलू लागला तो १९३२ मध्ये, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधून. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत, आणि गोष्ट पुन्हा तीच, हरिश्चंद्राची.

आणि या गोष्टीचा निकाल लागतो काशीत. इथं जरा थांबू या. हरिश्चंद्र काशीलाच का येतो? त्यानं सगळी पृथ्वी दान दिलेली आहे. दिलेल्या जमिनीवर राहायचं तर वचन मोडतं. काशी शिवाच्या त्रिशूळावर उभी, म्हणून पृथ्वीच्या हिशेबाबाहेरची, असं पुराण मानतं. राजाला पाय टेकायला दुसरी जागाच उरत नाही. म्हणजे काशी इथं शोभेला आलेली नाही. काशी काढून उज्जयिनी घातली तर कथाच कोसळते. फाळक्यांच्या मनात या गावाचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण धंद्यातल्या भागीदारांना कंटाळून ते १९२० च्या सुमारास बायकामुलांसह काशीलाच येऊन राहिले आणि ‘रंगभूमी’ हे नाटक त्यांनी इथंच लिहिलं, ही गोष्ट तुमच्या व्याख्यानमालेत एकदा नोंदवली जावी.

तेव्हा शेवट माहीत असणं हा पुन्हा सांगण्यातला अडथळा नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती खास रहस्यकथेची आहे.

३

ही अडचण सत्यजित राय यांना स्वतःच्या अनुभवातून कळली. १९६७ मध्ये त्यांनी शरदिंदूबाबूंच्याच कथेवर ‘चिड़ियाखाना’ काढला, उत्तमकुमारला ब्योमकेश करून. चित्रपटाला मानसन्मान मिळाले, पण राय स्वतः त्यावर कधी समाधानी नव्हते. कारण सरळ आहे. पुस्तकातला गुप्तहेर शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि पंधरा पानं बोलतो. वाचकाला ती पानं हवी असतात, कारण तो मागे जाऊन पडताळून पाहू शकतो. पडद्यावर मात्र ते भाषण होतं. माणसं बसलेली, एक जण बोलतो आहे, आणि कॅमेऱ्याला काही कामच नाही. कोणी केलं हे लपवून ठेवणारी कथा पडद्याला मानवत नाही, या निष्कर्षाला राय आले.

मग त्यांनी स्वतः लिहिलेल्या फेलूदा या गुप्तहेराच्या बाबतीत काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ‘सोनार केल्ला’ या कादंबरीत खोटा डॉक्टर हाजरा कोण हे शेवटपर्यंत झाकलेलं आहे. १९७४ च्या चित्रपटात राय ते सुरुवातीच्या भागातच आपल्याला दाखवून टाकतात. लेखकही तेच आणि दिग्दर्शकही तेच, तरी दिग्दर्शकानं लेखकाचं सगळ्यात मोठं गुपित उघडं केलं. त्यामुळे प्रश्न बदलला. ‘कोण’ हा प्रश्न गेला आणि ‘आता या खोट्या डॉक्टरच्या हाती लागलेलं पोर कसं वाचणार’ हा प्रश्न आला. हा दुसरा प्रश्न चित्रपट दहा वेळा पाहिला तरी जिवंत राहतो.

आणि मग १९७९ मध्ये ‘जय बाबा फेलूनाथ’. तुमच्या गावाचा चित्रपट. मराठी वाचकांना फेलूदा अशोक जैनांच्या अनुवादातून भेटला आहे, त्यामुळे कथा बहुतेकांना ठाऊक असेल. फेलूदा आणि त्याचे साथीदार तोपशे व लालमोहनबाबू ऊर्फ जटायू दुर्गापूजेच्या दिवसांत काशीला येतात. घोषालांच्या घरातली मौल्यवान गणेशमूर्ती नाहीशी झालेली आहे. मागे आहे मगनलाल मेघराज. उत्पल दत्त यांचा मगनलाल पडद्यावर आला की तो वाईट माणूस आहे याबद्दल कुणाला शंकाच राहत नाही. राय लपवतच नाहीत.

त्यातला एक प्रसंग मी तुमच्यासमोर सावकाश उभा करतो, कारण तो माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार आहे. मगनलाल तिघांना आपल्या घरी बोलावतो. सरबत येतं. ते प्यावं की नाही, त्यात काय मिसळलं असेल, हा विचार जटायूंच्या चेहऱ्यावर आपण वाचतो. मग मगनलाल आपल्या पदरी असलेल्या अर्जुनला पुढे करतो. अर्जुन सुरीफेक करणारा, पण आता म्हातारा, थकलेला. कामू मुखर्जींनी तो केला आहे. जटायूंना, म्हणजे संतोष दत्त यांना, फळीला पाठ लावून उभं केलं जातं. सुऱ्या एकेक करून त्यांच्या अंगाभोवती फळीत रुतत जातात. फेलूदाच्या हातात काही नाही. त्याला पाहत राहावं लागतं, आणि आपल्यालाही. इथं रहस्य कुठलं आहे? काहीच लपलेलं नाही. तरी सगळ्या चित्रपटात याहून ताणाचा प्रसंग नाही. मगनलालकडे पैसा आहे, माणसं आहेत आणि या शहरात त्याला कुणी हात लावणार नाही हा भरवसा आहे, हे आपल्याला त्या एका खोलीत कळतं. चित्रपटाच्या शेवटी फेलूदा त्याच पद्धतीनं, पिस्तुलाच्या गोळ्या भोवती झाडून, मगनलालला ते परत करतो. या परतफेडीचं समाधान उत्तर माहीत असलेल्या प्रेक्षकालाही पुरेपूर मिळतं.

४

आता मी माझं म्हणणं मांडतो. प्रत्येक रहस्यकथेत रहस्याचा मुक्काम कुठंतरी असतो. ते कधी एखाद्या जागेत असतं, कधी वस्तूत, कधी दोन माणसांच्या आठवणीत. पुन्हा चित्रपट काढणाऱ्यानं आधी तो मुक्काम ओळखावा. तो सांभाळला तर बाकी सगळं बदलायला त्याला मोकळीक आहे. आणि जागा बदलायचीच असेल, तर नव्या जागेला तपासात काम द्यावं. तिची साक्ष काढावी.

चार उदाहरणांवर हे तपासून पाहू.

पहिलं परदेशी. अगाथा ख्रिस्तींची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ १९३४ ची. सिडनी ल्युमेटनं १९७४ मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि केनेथ ब्रॅनानं २०१७ मध्ये पुन्हा. ब्रॅनानं पुष्कळ बदललं. सुरुवातीला जेरुसलेमच्या भिंतीपाशी एक वेगळंच प्रकरण घातलं, गाडी उंच पुलावर अडकवली. पण बर्फ त्यानं हलवलं नाही. हलवता येणारच नव्हतं. गाडी बर्फात रुतली आहे, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, म्हणून खुनी डब्यातच आहे. रहस्य त्या बर्फानं कोंडलेल्या डब्यात आहे, आणि तो डबा तिन्ही रूपांत जसाच्या तसा राहिला.

दुसरं आपलं. १९६४ चा ‘पाठलाग’, राजा परांजपे यांचा. बायको वारलेला वकील, आणि पोलिसांनी पकडून आणलेली हुबेहूब तिच्यासारखी बाई, जी म्हणते मीच तुमची बायको. उलटतपासणी कोर्टात होते. पुढच्याच वर्षी याचा तमिळमध्ये ‘इदय कमलम’ झाला आणि १९६६ मध्ये राज खोसलांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला, सुनील दत्त आणि साधना यांना घेऊन. गोष्ट थेट उदयपूरला गेली, वकीलसाहेब ठाकूर झाले. तरी चित्रपट पडला नाही, उलट देशभर चालला. कारण ‘पाठलाग’मधलं रहस्य गावात नव्हतंच. ते नवराबायकोच्या खासगी आठवणींत होतं. फक्त बायकोलाच माहीत असाव्यात अशा गोष्टी परकी बाई कोर्टात कशा सांगते, हा पेच आहे. नवरा-बायको आणि कोर्ट जिथं असेल तिथं ही कथा उभी राहील. खोसलांनी हे ओळखलं आणि बरोबर तेवढंच जपलं.

तिसरं ‘जय बाबा फेलूनाथ’. गणेशमूर्ती कुठं आहे? घरातल्या लहान मुलानं, रुकूनं, ती दुर्गेच्या मूर्तीतल्या सिंहाच्या जबड्यात च्युइंगगमनं चिकटवून ठेवली आहे. दशमीला दुर्गा गंगेत जाणार. म्हणजे तपासाला मुदत घालून दिली आहे पंचांगानं आणि नदीनं. मूर्ती रंगवणाऱ्या म्हाताऱ्या शशीबाबूंचा जीव जातो तोही यातच. मछलीबाबा नावाचा भोंदू घाटावर माशांचे खवले वाटतो, त्याच्याभोवती गर्दी जमते, आणि त्या गर्दीच्या आडून चोरटा व्यवहार चालतो. काशी सोडून हे कुठं घडेल? बंगाली घराणी, दुर्गापूजा, बाबांचा दरबार, नदीवरचा बजरा, हे सगळं एका ठिकाणी दुसरीकडे मिळणार नाही. इथं रहस्याचा मुक्काम काशीतच आहे.

आता चौथं, ‘हर हर ब्योमकेश’. मूळ कथेत दीपनारायण सिंह या जमीनदाराचा मृत्यू औषधाच्या इंजेक्शननं होतो. औषधात कुणीतरी क्युरारे हे विष मिसळलेलं असतं. घरात त्याची तरुण, देखणी, चित्र काढणारी बायको, शकुंतला. आणि ब्योमकेशला उत्तर सापडतं ते तिच्या एका चित्रात. चित्र दुष्यंत-शकुंतलेचं आहे, आणि त्यातल्या दुष्यंताचे डोळे निळे आहेत. नवऱ्याचे डोळे तसे नाहीत. मग निळे डोळे कुणाचे? शरदिंदूबाबूंनी हे फार सुंदर रचलं आहे. विष, वारसा, डॉक्टर, पुतण्या यांच्यामागे वाचक धावत असतो आणि उत्तर सगळ्यांच्या देखत भिंतीवर टांगलेलं असतं. बाईनं जे कुणाला सांगितलं नाही ते तिच्या कुंचल्यानं सांगून टाकलं.

म्हणजे रहस्य त्या चित्रात आहे, आणि चित्र कुठल्याही गावच्या दिवाणखान्यात टांगता येतं. म्हणून पाटण्याहून काशीला येताना कथेला इजा झाली नाही. दिग्दर्शकानं रहस्याचा मुक्काम ओळखला होता, हे मान्य करायलाच हवं. सत्यवतीला बरोबर आणून त्यानं ब्योमकेशला नवरा म्हणूनही दाखवलं, तेही छान झालं. पण मला मनापासून जे खटकलं ते सांगतो. इतक्या लांब आणलेल्या काशीला त्यानं तपासात काही कामच दिलं नाही. घाट आहेत, आरती आहे, गल्ल्या आहेत, सगळं देखणं आहे. मात्र त्यातलं काहीही पुरावा होत नाही. काशी पडद्यावर येते, पण तिला कुणी प्रश्न विचारत नाही. चित्रपट संपल्यावर आपण काशी पाहिली असं वाटतं, काशीमुळे काही कळलं असं वाटत नाही. हा दोष त्या एका चित्रपटाचा नाही. कॅमेरा घेऊन इथं येणारे किती तरी जण हेच करतात, आणि म्हणून मी हे इथं, तुमच्यासमोर बोलतो आहे.

५

काशीची साक्ष काढायची म्हणजे काय करायचं? आपण बसलो आहोत त्याच घाटाकडे गुप्तहेराच्या नजरेनं पाहू या.

पहिली गोष्ट उजेड. गंगा इथं उत्तरवाहिनी आहे आणि घाट पूर्वेला तोंड करून आहेत. समोर रेती, त्यावर वस्ती नाही. सूर्य उगवला की आडवं ऊन थेट पायऱ्यांवर आणि माणसांच्या तोंडावर येतं. दुपार कलली की पाठीमागच्या इमारतींची सावली पायऱ्यांवरून नदीकडे उतरायला लागते. समजा साक्षीदार म्हणाला, संध्याकाळी नावेतून पाहिलं, पायरीवरच्या माणसाच्या तोंडावर ऊन होतं, म्हणून ओळखलं. नावाड्याचं पोरही सांगेल की हा माणूस खोटं बोलतो आहे. हा पुरावा इथंच मिळेल. पश्चिमेला तोंड असलेल्या नदीकाठी मिळणार नाही.

उजेडाचं मोल राय आणि त्यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांना पक्कं ठाऊक होतं. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी काशीतल्या जुन्या घराचा चौक बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला. चौकात वरून येणारा, सावल्या न पाडणारा उजेड दिव्यांनी कसा आणायचा? सुब्रत मित्र यांनी चौकाच्या वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर खालून मारले. परतून आलेला मऊ उजेड खाली चौकात पसरला. आज जगभर वापरली जाणारी ही पद्धत त्यांनी काशीच्या एका घराशी प्रामाणिक राहायचं म्हणून शोधली. एवढी निष्ठा असली की जागा बोलते.

दुसरी गोष्ट पाणी. पावसाळ्यात या खालच्या पायऱ्या आणि नदीकडे तोंड केलेल्या कोठड्या पाण्याखाली जातात. पाणी उतरलं की गाळ राहतो. आषाढात इथं ठेवलेली वस्तू कार्तिकात कुठल्या थरात सापडेल, याचा अंदाज घाटावरच्या माणसाला असतो. कलकत्त्याहून आलेल्या हुशार तपासनिसाला तो नसतो. त्याला विचारावं लागेल, आणि असं विचारायला लागणं हीच चांगल्या रहस्यकथेची सुरुवात असते.

तिसरी गोष्ट वर आकाशात. या घाटावर औरंगजेबाच्या काळातली मशीद आहे. त्याआधी जुन्या बिंदुमाधवाचं भव्य देऊळ इथं होतं. तावेर्निए या फ्रेंच प्रवाशानं सतराव्या शतकात ते पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ शेजारी आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवलेलं. मशिदीचे दोन उंच मिनार, ज्यांना सगळी काशी माधवराव का धरहरा म्हणत आली, शतकानुशतकं या शहराची खूण होते. त्यातला एक १९४८ मध्ये कोसळला, आणि दुसरा धोक्याचा म्हणून पुढे उतरवला गेला. आता एक जुना फोटो हाती आला, त्यात दोन्ही मिनार उभे आहेत, आणि दाखवणारा म्हणतो हा १९५५ चा. तो फोटोच त्याला खोटं पाडतो. उलट, १९४८ च्या आधीची काशी पडद्यावर दाखवणाऱ्यानं नदीतून घाट दाखवताना ते दोन मिनार दाखवले नाहीत, तर त्यानं या जागेला काही विचारलं नाही हे आपल्याला लगेच कळतं.

चौथी गोष्ट कागद. तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कुठल्या गावचं कुठलं घराणं, कोण कधी आलं, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, खाली सही किंवा अंगठा. वारसाच्या भांडणात, तोतयाच्या प्रकरणात, मेला म्हणून सांगितलेल्या माणसाच्या शोधात याहून बोलका पुरावा कुठला? ‘पाठलाग’सारखी कथा जर कुणाला काशीला आणायची असेल, तर त्यानं कोर्टाच्या बरोबरीनं ही वही उघडावी. कार्तिकात पंचगंगेवर बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे चढतात, पितरांच्या नावानं. ज्याच्या नावाचा दिवा चढला तो माणूस जिवंत असेल, तर दिवा चढवणाऱ्याला काय काय माहीत होतं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. या चार गोष्टी मी कल्पनेनं आणलेल्या नाहीत. तुम्ही रोज त्यांच्यात राहता. कथा लिहिणाऱ्यानं येऊन त्या तुमच्याकडून ऐकायला हव्यात.

आणि जागेतून कथा काढायची ही रीत काशीला नवी नाही. इथंच राहणाऱ्या देवकीनंदन खत्रींनी १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी लिहिली. त्याआधी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांच्याकडे होते. त्या जंगलांत, डोंगरांत, पडक्या किल्ल्यांत ते हिंडले होते, आणि नौगढ, विजयगढ, चुनार ही नावं कादंबरीत तशीच आली. ऐयार म्हणजे वेषांतर करणारे हेर आणि तिलिस्म म्हणजे मायावी भुलभुलैया, हे कल्पनेचे, पण ज्या वाटांवरून ते धावतात त्या वाटा खऱ्या. ती कादंबरी वाचता यावी म्हणून लोक नागरी लिपी शिकले, असं हिंदीचे अभ्यासक सांगत आले आहेत. पायाखालची जमीन ओळखीची असल्याशिवाय तिलिस्मावर कुणी एवढा विश्वास ठेवला नसता.

६

शेवटी आपल्या मराठीबद्दल. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि छोटू यांनी आपल्या दोन पिढ्यांना वाचायची सवय लावली. शेरलॉक होम्स आणि वॉटसन यांची छाया धनंजय-छोटूवर आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शरदिंदूबाबूंनीही होम्सकडून घेतलंच आणि मग ब्योमकेशला पूर्ण बंगाली केलं. बंगाली चित्रपटानं ब्योमकेश आणि फेलूदा पिढ्यानपिढ्या पुन्हा पुन्हा काढले. सत्यजित रायांचे चिरंजीव संदीप राय यांनी २००७ मध्ये ‘कैलाशे केलेंकारी’साठी फेलूदाला थेट आपल्या वेरुळात आणलं. आपल्या लेण्यांत बंगाली गुप्तहेर फिरून गेला आणि आपला धनंजय मात्र जुन्या बाजारातल्या पिवळ्या पानांत पडून आहे, याची मला खरोखर खंत वाटते.

म्हणून माझी तरुण मराठी चित्रपटकारांना विनंती आहे. अर्नाळकरांचं कपाट उघडा. कथा निवडा आणि आधी शोधा की तिचं रहस्य कुठं आहे. ते जपा. जागा बदलायची असेल तर खुशाल बदला, धनंजयला उचलून पंचगंगेवर आणा. पण आणलंत, तर नावाड्याला विचारा, तीर्थोपाध्यायाची वही उघडून बघा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढतं ते पायरीवर बसून पाहा. ऊन कधी कुठं पडतं ते लिहून घ्या. मगच कॅमेरा लावा.

आणि काशीकर मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी असा चित्रपट आला आणि घाट सुंदर दिसला म्हणून लोक वाहवा करू लागले, तर तुम्ही विचारा की या घाटावाचून हा गुन्हा उलगडला असता का. उलगडला असता, तर त्या लोकांनी आपला घाट उसना नेला आणि रिकामा परत केला. उलगडला नसता, तर समजा की कुणीतरी तुमचं ऐकून घेतलं आहे. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुमच्याइतका दुसऱ्या कुणाचा नाही, आणि तो तुम्ही विचारत राहिलात तर गुरुजींच्या कपाटातल्या पुस्तकांची परंपरा नव्या पडद्यावरही चालू राहील.